पेडगावची टिकली

पेडगावात एक होता बन्सीधर दुकानदार, त्याच्याच गल्लीत त्याची विधवा बहीण चतुराबाई, अन् तिचा एकुलता एक लेक जीवन, पुण्याला कामाला. पेंगू नका लेकरांनो. बन्सीधरानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली ही गोष्ट आहे.

कोरोनाचं साल. गावानं बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केलेला. नोटेला हात लावायला माणसं भ्यायची, अन् चिल्लर तर कुठंच उरली नव्हती. मग बन्सीधरानं तेलाचे डबे कापून गोल टिकल्या केल्या, वर छिन्नीनं ‘पे’ ठोकला. एका टिकलीला शेरभर जवारी. वेढ्यात सापडलेल्या गावाचं नाणं ते! पुढं तीच ओळख झाली. टिकली नाही, तो परका.

आखितीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आदली रात्र, शनिवार. राखणीची पाळी बन्सीधराची. चहाची किटली अन् पाण्याचा तांब्या घेऊन तो काट्यांपाशी जाऊन बसला. दीडच्या सुमाराला पलीकडून हाक आली.

“मामा, मी जीवन. चालत आलो. येऊ का आत?”

“टिकली हाय का?” बन्सीधर हसला. मग घुटमळला. “गाव फाडून खाईल रे मला. लिंबाखाली पड. सकाळी सरपंचाला इचारतो.”

“पाणी तरी द्या, मामा.”

जीवनच्या हातात तांब्या द्यायची बन्सीधराला भीती वाटली.

“सकाळी देतो...”

पलीकडं कुणी नुसतं उभं राहिल्यासारखं... मग तेही नाही.

उजाडलं. लिंबाखाली कुणी नव्हतं. तेवढ्यात जालन्याकडून पोलिसांचा फोन आला. जीवन शुक्रवारी दुपारीच उन्हानं रस्त्यात गेला होता. अग्नीही तिकडंच दिला होता.

बन्सीधरानं बहिणीला सगळं सांगितलं. ती रडली नाही.

“दादा... मेल्याला बी टिकली मागितलीस?”

आखितीला वारलेल्यांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरतात. चतुराबाईनं भरला, अन् घरात न ठेवता काट्यांपलीकडं नेऊन ठेवला.

“आत कोण येऊ देतंय त्याला?” म्हणाली.

त्या रात्री बन्सीधरानं काट्या उपसल्या. एकट्यानं. नुसत्या हातांनी. कुणी अडवलं नाही.

सकाळी बहीणभाऊ बघायला गेले. करा काठोकाठ भरलेला. तसाच.

परत आले. चतुराबाईच्या घराचं कुलूप काढलं.

पाण्याच्या रांजणावरचं झाकण बाजूला होतं... उंबऱ्याच्या आत एक ओलं पाऊल. आत जाणारं. बाहेर येणारं नव्हतं.

चतुराबाई तिथंच खाली बसली. “आलं माझं लेकरू,” म्हणाली. “घरी आलं.”

इतके उन्हाळे उलटले. ते पाऊल अजून वाळलेलं नाही.