चौथा लायनर

गाडी विकून टाकायचं मी ठरवलं होतं. हे गेल्यापासून ती गॅरेजमध्ये उघड्या इंजिनाने उभी होती. शेवटच्या रविवारी ह्यांनी हेड उतरवलं, पिस्टन काढले. पुढचं राहून गेलं. ते अर्धवट काम रोज बघणं सोसवेना, म्हणून ह्यांच्या मेकॅनिक मित्राला बोलावलं.

"लायनर शाबूत आहेत, वहिनी." पिस्टन ज्यांत वरखाली होतात त्या चार नळ्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "जागचे हलले नाहीत, तर खालची सीलं बदलायची गरज नाही." प्रत्येक लायनरवर पट्टी ठेवून त्यांनी बोल्ट आवळले. "आता भूकंप झाला तरी हलायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहिली पट्टी बाजूला काढून ठेवलेली होती. लायनर नखभर वर आला होता.

"वहिनी, तुम्ही हात लावलात?"

"छे! तुमचेच बोल्ट, भाऊजी, आणि तुमचाच भूकंप."

ते हसले. पुढच्या सकाळी दुसरा वर आला. मग तिसरा. गॅरेजची किल्ली माझ्या उशाशी असायची.

आता भाऊजी हसत नव्हते. "आत पिस्टनच नाहीत... मग खालून ढकललं कोणी?"

त्यांनी तिसरा लायनर उपसला. बुडाशी सील कोरं करकरीत होतं. त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवलेला, अजून ओला. ह्यांच्या हातांना यायचा तो रॉकेलचा वास एकाएकी दाट झाला.

"असं ग्रीस तोच लावायचा... करंगळीनं." त्यांचा आवाज खाली गेला. "वहिनी, चौथ्याचं सील मी आत्ताच बदलतो. त्याच्यासाठी काही शिल्लक ठेवू नका..."

"उद्या करा," मी म्हणाले.

ते हत्यारं तिथंच टाकून निघून गेले.

उन्हं कलेपर्यंत मी तिथंच उभी होते. काम पुरं झालं की हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला हाक मारायचे. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी माझ्याशिवाय कधी झाली नाही. ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी पाना घेतला आणि चौथ्या पट्टीचा बोल्ट सैल केला.

सकाळी चौथाही लायनर वर आलेला होता. इंजिन तसंच उघडं, मुकं. फक्त माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केलेली होती. बंद काचेत मला गुदमरतं.