अंगाबरोबरचा स्वेटर

"थंडीच्या माणसात जीव नको गुंतवू, रुपाली," रुखमाआत्या म्हणाली होती. "होळीच्या आधी गाठोडं बांधून चालला जाते तो."

आणि रुपाली हसली होती! उर्वशीच्या कानांवर रुमाल बांधता बांधता म्हणाली होती, "आत्या, मी पोरीले स्वेटर आणाले चालली वो. नवरा नाही."

"मी आपलं सांगून ठेवलं," आत्या म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

दिवाळी आटोपली की यवतमाळात मैदानाच्या कडेला तिबेटी स्वेटरवाल्यांची रांग लागते. बांबू, निळी ताडपत्री आणि दोरीवर टांगलेले लाल, हिरवे, जांभळे स्वेटर. रुपाली त्याच रस्त्यानं रोज कामाला जायची. बी.एस्सी. झालेली, दारव्ह्याचा संसार मोडून लेकीला कडेवर घेऊन परत आलेली. आईबाप नव्हते, त्यामुळे बाभुळगावची आत्या हेच माहेर; तिथूनच ती एस.टी.नं यवतमाळला ये-जा करायची. दिवसभर मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दुसऱ्यांच्या लेकरांचं खोकणं ऐकायचं, आणि घरी येऊन आपल्या लेकीच्या छातीला कान लावायचा... तिचा जीव असा सदा कान टवकारून बसलेला.

त्या रविवारी ती उर्वशीला घेऊन रांगेतल्या शेवटच्या दुकानात शिरली. लाल स्वेटर उचलला, एक नंबर मोठा. पुढच्या वर्षीही चालला पाहिजे ना! दुकानातला तरुण पाठमोरा होऊन ताडपत्रीची दोरी बांधत होता. रुपाली लेकीला म्हणाली, "बघ उर्वी, ह्या नेपाळी लोकांना आपण काही म्हटलं की समजत नाही. भाव मात्र मराठीत सांगता येतो."

"नेपाळी नाही बाई, तिबेटी," पाठ बोलली. "आन् समजते सगळं. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतला आहो मी. गोंदियाकडचा."

रुपालीचे कान तापले. काहीतरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तोच आभाळ फुटलं. अवकाळी! थेंब कसले, चिंचोकेच. वाऱ्यानं ताडपत्री पतंगासारखी उचलली.

"धरा, धरा हे टोक!" त्यानं दोरी तिच्या हातात कोंबली आणि स्वेटरांवर झेप घेतली. आतून एक म्हातारी बाई आली, रंगीत पट्ट्यांचा एप्रन बांधलेली. तिनं काही न विचारता उर्वशीला उचललं, स्वेटरांच्या ढिगावर बसवलं आणि वरून शाल टाकली. रुपाली एका हातानं दोरी धरून, टाचा उंचावून उभी राहिली. ओढणीवरून पाणी ओघळत होतं आणि नजर लेकीवर खिळलेली...

पाऊस जरा ओसरला तेव्हा तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. केसांतून पाणी गळत होतं, आणि डोळे हसत होते.

"सोडा आता. केव्हाचीच बांधून झाली ताडपत्री."

"मग सांगायचं ना!"

"तुमी इतकं मन लावून धरली होती..." तो म्हणाला. मग मोठ्या नंबरचा लाल स्वेटर बाजूला ठेवून त्यानं लहान काढला. "हा घ्या. अंगाबरोबरचा."

"पुढच्या वर्षी होणार नाही तो."

"पुढल्या वर्षी मी आहोच नं. तवा दुसरा घ्या. लेकराच्या अंगात ढगळ स्वेटर असला की सारी हवा आत जाते."

लेकीच्या अंगात हवा जाते म्हटल्यावर रुपालीनं अंगाबरोबरचाच घेतला.

त्याचं नाव जिग्मे. ती म्हातारी त्याची आत्या. तिबेटीत आनी म्हणतात, म्हणून सगळी रांग तिला आनीच म्हणायची. दवाखान्यातून एस.टी. स्टँडकडे जाताना रुपालीची पावलं आता शेवटच्या दुकानापाशी आपोआप मंदावायची. आनी चहा द्यायची. लोणी आणि मीठ घातलेला! पहिल्या घोटाला रुपालीनं डोळेच मिटले.

"चहा आहे की वरणाचं पाणी?"

"सवय होते," जिग्मे म्हणाला. "माणसाले कायचीही सवय होते. तुमी सहा वाजता येता, त्याचीबी झाली."

"मग उद्यापासून येत नाही."

"मंग मी सहा वाजता दवाखान्यात येतो. काय दुखते सांगू?"

"मुलांचा दवाखाना आहे तो."

"आनीले विचारा, मी लेकरूच आहो."

आनीला काय विचारणार? तिचे पाय सुजलेत हे रुपालीनं केव्हाच टिपलं होतं. एक दिवस ती हात धरून आनीला दवाखान्यात घेऊन गेली, बीपी मोजून घेतलं, आणि आकडा पाहून तिथेच रागावली. "और नमक डालो चाय में!" तेव्हापासून ती रोज आनीला गोळी घेतली का विचारायची. आनी म्हणायची, "ले लिया बेटी." रुपाली पाकीट मागायची. गोळी पाकिटातच असायची.

"तुमी असंच सगळ्यांवर नजर ठेवता?" जिग्मेनं विचारलं.

"ज्यांची काळजी वाटते त्यांच्यावर."

"मंग माह्यावर काहून ठेवता?"

ती एस.टी. चुकेल म्हणून पळाली. एस.टी.ला अजून अर्धा तास होता.

डिसेंबरात उर्वशीचा वाढदिवस आला. आत्याच्या घरी वाढदिवस म्हणजे आधी बुद्धवंदना, मग केक. रुपालीनं आनीला आणि जिग्मेला बोलावलं. "वंदनेले पांढरे कपडे घालून येजा," आत्यानं फोनवर बजावलं. जिग्मे पांढरा शर्ट घालून आला. हातात पांढऱ्या रेशमी पट्ट्या होत्या... खाता. तिबेटी लोक मानाच्या वेळी गळ्यात घालतात त्या. त्यानं पहिली बुद्धाच्या मूर्तीला वाहिली. दुसरी बाबासाहेबांच्या तसबिरीला, दोन्ही हातांनी, वाकून. आत्या बघतच राहिली. तिसरी उर्वशीला. चौथी त्यानं पांढऱ्या साडीतल्या रुपालीच्या गळ्यात घातली. हात क्षणभर तिच्या खांद्यापाशी थबकले... आनीनं हळूच एक पट्टी रुपालीच्या हातात दिली आणि डोळ्यांनी जिग्मेकडे खुणावलं. आलेल्याला परत घालायची असते म्हणे. रुपालीनं घातली.

"ताई, इकडे पहा!" आत्याचा मुलगा राजदीप मोबाइल घेऊन तयारच होता. मध्ये उर्वशी, दोन बाजूंना दोघं, मागे बुद्ध आणि बाबासाहेब. राजदीपनं फोटो लगेच नेटवर टाकला आणि खाली लिहिलं, 'रुपालीताईचं हार्दिक अभिनंदन.' पोरीच्या वाढदिवसाचं, त्याच्या मनात.

पण पांढरी साडी, पांढरा शर्ट, गळ्यात पांढरे हार आणि मागे तथागत... बाभुळगावात याला काय म्हणतात हे बाभुळगावला शिकवावं लागत नाही. सकाळपर्यंत फोटोखाली ओळच लागली. 'मंगल परिणयाच्या हार्दिक शुभेच्छा.' 'ताई, न सांगता उरकून टाकलं काय?' 'जय भीम जावईबापू!'

आत्या तर मिशीत हसावं तशी हसत होती. "पोट्टा वाईट नाही वो. बाबासाहेबांपुढे वाकला. माह्या पोरानंबी येवढं नाही केलं कधी."

रुपाली लाजेनं आणि कसल्याशा आनंदानं दुकानात गेली. जिग्मे स्टुलावर बसला होता, फोन हातात, चेहरा उतरलेला.

"आईचा फोन होता," तो म्हणाला. "न्यूयॉर्कवरून. रडत होती."

आई न्यूयॉर्कला असते एवढंच रुपालीला माहीत होतं. उरलेलं त्या दिवशी कळलं. जिग्मे अकरा वर्षांचा असताना आई तिकडे गेली. तिथं आश्रय मागितला, तो मिळायला कित्येक वर्षं गेली, आणि तोवर दुसऱ्यांची लेकरं सांभाळून ती आनीला पैसे पाठवत राहिली. आश्रय मिळालेल्या आईला मुलाला बोलावून घेता येतं, पण नियम आहेत. अर्ज मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाआधी गेलेला हवा. तो गेला होता. आणि तिथं पाऊल ठेवीपर्यंत मुलगा अविवाहित हवा.

"लगन झालं की फाइल बंद," जिग्मे म्हणाला. "जानेवारीत दिल्लीले अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत आहे. आन् आईच्या ओळखीच्या कोणीतरी तिले आपला फोटो दाखवला."

रुपाली खाली बसली. "तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू सहा वाजता येणं बंद केलं असतं."

"केलंच असतं!"

"म्हून."

राजदीपनं फोटो काढून टाकला. रुपालीनं रस्ता बदलला. चार दिवस ती मागच्या गल्लीनं स्टँडवर गेली. पाचव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी जिग्मे उभा. हातात थर्मास.

"आनी विचारते, गोळी घेतली का विचाराले कोणी काहून येत नाही?"

रुपालीला हसू आलं, आणि त्याच्यामागोमाग रडू. "जिग्मे, मी बी आई आहो रे. रात्री उर्वीवरचं पांघरूण सरकलं तरी मले जाग येते. तुही आई तितक्या लांब, दुसऱ्याच्या लेकरावर पांघरूण घालते... तिचा पोरगा मी कसा अडवून धरू?"

त्यानं थर्मास तिच्या हातात दिला. "तू आज पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलली माह्याशी."

"विषय बदलू नको."

"नाही बदलत. आईले भेटाचंच आहे मले. चेहरा फोनमधी पाहून पाहून... तिचा हात कसा लागते तेच विसरलो. पण साहेबानं विचारलं तर सांगू काय?"

"खरं ते सांग. लगन नाही झालं."

"तेवढंच खरं आहे काय?"

रुपालीनं थर्मासचं झाकण घट्ट केलं. उगाचच, दोनदा.

दिल्लीहून फोन आला तेव्हा दवाखान्यात लेकरांची ही गर्दी. तिनं फोन कानाला लावून मागच्या दाराकडे धाव घेतली.

"त्याहिच्यापाशी होता फोटो," जिग्मे सांगत होता. "साहेबानं समोर ठेवला. विचारलं, ही तुमची पत्नी काय?"

"मग? सांगितलं ना नाही म्हणून?"

"सांगितलं. वाढदिवस सांगितला, खाता सांगितली. मंग म्हटलं..." तो थांबला. पलीकडे दिल्लीची वाहनं वाजत होती. "म्हटलं, अजून नाही."

रुपालीनं भिंतीला पाठ टेकली.

"रुपाली? आहे नं?"

"व्हिसा?" तिनं दुसऱ्या कानावर हात दाबला.

"दिला. साहेब म्हणे, आज जे आहे ते खरं सांगितलं, तेवढंच पाहिजे होतं. आता तू सांग. अजून नाही म्हटलं ते चुकलं काय?"

आतून कोणाचं तरी बाळ भोकाड पसरून रडत होतं. रुपाली म्हणाली, "नाही चुकलं." आणि मग, अगदी हळू, "पहिले आईले पोटभर भेट. मंग बोल."

रांग उठायच्या दिवसांत तो निघाला. आत्याला मात्र एक गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. गोठणगावचा असला तरी कागदावर जिग्मे तिबेटी निर्वासितच, म्हणून परत यायला त्याला आधी तिकडचा पक्का कागद लागणार, मग प्रवासाचा, आणि मग भारताचा व्हिसा. "गोठणगावच्या पोराले यवतमाळले याले विजा?" ती येईल त्याला विचारत होती. "कोणाचा कायदा वो हा?"

दुकानात जिग्मेनं एक स्वेटर काढून ठेवला होता. लालच, पण दोन नंबर मोठा. "उर्वीले. पुढल्या थंडीले मी नसीन. तिच्या पुढच्याले बी, काय माहीत."

रुपालीनं स्वेटर उलगडला, बाह्या मोजल्या, पुन्हा घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिला.

"हा नको. मोठा लागन तवा तूच घेऊन ये. अंगाबरोबरचा."

त्यानं तिच्या गळ्यात खाता घातली. या वेळी हात थबकले नाहीत, तिथेच राहिले... "जाजो," ती म्हणाली. "आन् येजो."

या हिवाळ्यात शेवटच्या दुकानात आनी एकटीच बसते. व्हिसाच्या नियमात आई बसते, मुलगा बसतो. वाढवणारी आत्या कुठेच बसत नाही. जिग्मे रोज न्यूयॉर्कहून फोन करतो. परवा त्याच्या आईनं फोन मागून घेतला आणि रुपालीला इतकंच विचारलं, पोरीला थंडी तर वाजत नाही ना? उर्वशीच्या लाल स्वेटरच्या बाह्या आता मनगटाच्या वर चढल्यात. रुपालीनं तिला आतून पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घातला आहे, पण नवा स्वेटर घेतलेला नाही.

सहाला रुपाली आनीकडे येते, पण सातला तिची शेवटची एस.टी. असते. दुकान मिटायला त्यानंतरही बराच वेळ असतो. तेव्हा तुम्ही यवतमाळात राहत असाल, तर संध्याकाळी मैदानावरून एक चक्कर टाका ना. स्वेटर नाही घेतला तरी चालेल. आनीला विचारा, गोळी घेतली का? ती हसून म्हणेल, "ले लिया." विश्वास ठेवू नका. पाकीट दाखवायला सांगा.