कडूबांचा निशाणबरदार

पटलं नाही तर सोडून द्या. मीही सुरुवातीला सोडूनच दिलं होतं.

पण ज्यांच्यावर हे गुदरलं ते माझे सख्खे चुलते होते. बद्रीकाका. उभ्या आयुष्यात त्यांनी आम्हा पोरांना भुताची एक गोष्ट सांगितली नव्हती. असल्या गोष्टींची त्यांना चीड होती.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलंय. १९९७ चा एप्रिल. औरंगाबाद, गारखेड्यातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. वेळ अडीचची.

अडीचच का, ते सांगतो.

काका शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना एकच नाद. शिशाचे सैनिक. बोटाएवढे, पण अंगरख्याच्या चुण्या, ढालीवरचे खिळे, मिशांचा पीळ, सगळं जिथल्या तिथं. हा नाद लागला छावणीतल्या गुरुवारच्या बाजारात. कुण्या साहेबाच्या बंगल्यातून निघालेला सैनिकांचा एक डबा भंगारवाल्यानं मांडला होता. काकांनी डब्याला हात घातला आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं आणखी एक हात आला. काळपट, तेलकट, नखांत ग्रीस भरलेला.

तो हात कडूबांचा.

कडूबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. मूळचे गंगापूरकडचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. गाडीखाली काम करताना जॅक सरकला, तेव्हापासून डावा पाय अधू. हातात काठी, काठीच्या टोकाला लोखंडी टोपी.

"अर्धे तुमचे, अर्धे माझे," कडूबा म्हणाले. "भांडून काय उपेग? मोडलेले मी जोडून देतो, रंग तुम्ही द्या."

तिथून पुढं सतरा वर्षं दोस्ती.

विलायतेत एक म्हातारा कारागीर घरच्या घरी असे सैनिक ओतायचा. त्याचं सूचीपत्र पोस्टानं यायचं. त्यानं दख्खनची जुनी फौज काढायला घेतली, तेव्हा या दोघांचा आनंद गगनात मावेना. आपल्या मातीतली माणसं! बारगीर आला, तोफची आला, हबशी स्वार आला. दर वेळी दोघांसाठी दोन नग काकांच्या नावावर मागवायचे. काकांची शाळा सकाळची, कडूबांची पाळी दोनला सुटायची. पोस्टमन गारखेड्यात अडीचला यायचा, म्हणून कडूबाही अडीचलाच यायचे. टक... फरफट. टक... फरफट. जिन्यावरून काठीचा आणि ओढत्या पायाचा आवाज यायचा. मग कडी वाजायची. आणि दारातूनच प्रश्न.

"बद्री, आला का?"

शेवटचा राहिला होता निशाणबरदार. फौजेचा झेंडा धरणारा.

सूचीपत्रात त्याचं चित्र छापून आलं. खाली लिहिलं होतं, लवकरच. पुढच्या साली पुन्हा लवकरच. त्याच्या पुढच्याही साली तेच. कडूबांनी ते चित्र कापून खिशात ठेवलं होतं. घामानं त्याच्या घड्या पडल्या.

"निशाण नसलेली फौज म्हंजे रानात सुटलेली जनावरं," ते म्हणायचे. "ह्यो आला की झालं. मग मला कायबी नको."

९७ च्या जानेवारीत कडूबांनी अंथरूण धरलं. फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी हात टेकले.

आणि फेब्रुवारीत पुडकं आलं.

आत एकच निशाणबरदार होता.

सोबत कारागिराच्या मुलीचं पत्र होतं. वडील वारले. साचा फुटला. जेवढे ओतून झाले होते तेवढ्यांतला हा एक तुम्हाला. आता आणखी होणार नाहीत. कधीच.

काका तो हातात घेऊन तासभर बसले. झेंड्याला वारा लागल्यासारखी वळणं होती. चेहरा थकलेला, पण हाताची मूठ घट्ट.

संध्याकाळी ते कडूबांकडे गेले. कडूबांनी डोळे उघडले.

"आला का?"

काका म्हणाले, "नाय अजून."

का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नाही. दोन दिवस आपल्याजवळ ठेवू, डोळे भरून बघू, मग देऊ... एवढंच मनात होतं म्हणे. दोन दिवसांचे आठ झाले. रोज संध्याकाळी तोच प्रश्न. रोज तेच उत्तर. निशाणबरदार काकांच्या कपाटात, धोतराच्या घडीत.

नवव्या दिवशी कडूबा गेले. शेजारी बसलेला त्यांचा पुतण्या, कारभारी नावाचा, सांगत होता, शेवटच्या घटकेला तोंडात पाणी घातलं तर ते बाहेर आलं, कारण ओठ हलत होते. त्यांना काहीतरी विचारायचं होतं.

तेरावा झाला. कारभारीनं चुलत्याचे सैनिक खोक्यात भरून काकांना आणून दिले. "तुमच्याशिवाय कोण सांभाळणार, गुरुजी?" खोक्याच्या तळाशी एक गोल कापलेला पुठ्ठा होता. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं... निशाणबरदाराची जागा.

काका त्या रात्री जेवले नाहीत.

एप्रिलचा पहिला आठवडा. दुपार. काकू स्वयंपाकघरात पापड लाटत होत्या. काका कॉटवर पडले होते. कूलरची घरघर चालू होती.

एकाएकी कूलर बंद पडला.

बाहेर कावळा ओरडत होता, तोही गप्प झाला.

आणि जिन्यावरून...

टक... फरफट.

टक... फरफट.

काका अर्धवट झोपेत होते. सतरा वर्षांची सवय. कडी वाजली.

"बद्री... आला का?"

"नाय अजून," काका पडल्या पडल्या म्हणाले.

आणि मग खाडकन डोळे उघडले.

मेलेल्या माणसाशीही ते खोटंच बोलले होते.

ते उठून दाराशी गेले. दार उघडलं. जिना रिकामा. उन्हाची पट्टी पायऱ्यांवर पडलेली. कुणी नव्हतं. पण खालच्या वळणावरून आवाज येत होता. टक... फरफट. हळूहळू उतरत जाणारा. ज्याला अजून एक दिवस थांबायचंय त्याच्यासारखा.

काकांनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र काकूंनीही ऐकलं. लाटणं हातातच राहिलं.

"अवं..." काकू दाराकडे बघत म्हणाल्या. "ह्यो तर कडूबाभाऊजींचा आवाज. 'आला का' म्हून काय इचारतंय? काय मागतंय ते?"

तेव्हा काकांनी धोतराची घडी उलगडली. सगळं सांगितलं.

वच्छलाकाकू बराच वेळ त्या इवल्याशा झेंड्याकडे बघत राहिल्या.

"मरत्या माणसाला नाय म्हणालात?" एवढंच बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काका नंतर म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी काका दोन वाजल्यापासून दाराशी बसले. दार सताड उघडं. उंबऱ्यावर निशाणबरदार.

अडीच झाले.

टक... फरफट. आवाज जिना चढून वर आला. उंबऱ्यासमोर थांबला. समोर कुणीच नाही. फक्त कडूबांच्या विडीचा वास, आणि जुन्या ग्रीसचा.

"बद्री... आला का?"

"आला कडूबा!" काका ओरडलेच. "आला, लई दिवस झाले. म्या लपवला. ह्यो बघ, तुझाच हाय, घेऊन जा. चुकलं माझं."



मग पुन्हा... त्याच सुरात. तितक्याच आशेनं.

"बद्री... आला का?"

काका रडले. पायऱ्यांवर डोकं टेकून माफी मागितली. आवाज आला तसा उतरून गेला. निशाणबरदार उंबऱ्यावर जिथल्या तिथं.

तेव्हा काकांना कळलं. कडूबा विचारू शकत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं.

काकूंनी मार्ग काढला. कडूबांच्या अस्थी कायगावला गोदावरीत सोडल्या होत्या. दोघं एसटीनं कायगावला गेले. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून काकांनी निशाणबरदार ओंजळीतून सोडला. शिसंच ते. क्षणात तळाला गेलं.

"पोचलं," काकू म्हणाल्या. "आता सुटले भाऊजी."

दुसऱ्या दिवशी दोघंही घड्याळाकडे बघत बसले. अडीच वाजले. दोन चौतीस. दोन चाळीस. काकूंनी हात जोडले.

दोन बेचाळीसला कूलर बंद पडला.

"बद्री... आला का?"

आता द्यायलाही काही उरलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी काय केलं नाही ते विचारा. भटजी बोलावून घराची शांत केली. घर बदलून वर्षभर गंगापूरला राहिले. तिथंही अडीचला अंगणात काठी वाजली. शेवटी गारखेड्यात परत आले. बाकीचे सैनिक कपाटात कुलूपबंद झाले. काकांनी पुन्हा ब्रश हातात धरला नाही. रोज दुपारी ते दाराशी बसायचे आणि तीच कबुली द्यायचे. रोज. जसं काही आज ऐकू जाईल.

पुढं काकांचे कान गेले. अगदी ठार. डॉक्टर म्हणाले, यंत्राचाही उपयोग नाही. काकू मला म्हणाल्या, "देवानं एवढं तरी चांगलं केलं."

मी विचारलं, "मग आता ऐकू येत नाही ना त्यांना?"

काकूंनी मान हलवली.

"माझी हाक ऐकू येत नाय. पोरांची नाय. कुकरची शिट्टी नाय. तेवढं एकच येतं."

मी घरी येणार असलो की काकू एकच बजावायच्या. दोनच्या आत ये, नाय तर तीनच्या पुढं. २००९ साली अजिंठ्याहून येताना गाडी रखडली. मी घाईत जिना चढलो आणि दारासमोर पोचल्यावर मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

अडीच.

मी कडीला हातसुद्धा लावला नव्हता.

आतून काकांचा आवाज आला. अगदी दारापलीकडून.

"आला व्हता रं कडूबा. म्या लपवला. तुझाच व्हता."



"काका, मी आहे! मी!" मी ओरडलो. त्यांना ऐकू जाणार नव्हतंच. आत ते बोलतच राहिले. मध्ये थांबायचे, कुणाचं तरी ऐकल्यासारखे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मला तो प्रश्न ऐकू आला नाही. खरं सांगतो, कडूबांचा आवाज आला नाही.

फक्त विडीचा वास आला. खूप जवळून.

आणि माझ्या मागच्या पायरीवर... कुणीतरी उभ्या उभ्या काठीवरचा हात बदलला. लाकूड किंचित करकरलं.

मी वळलो नाही. दाराला कपाळ टेकून तसाच उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. काकूंनी दार उघडलं, माझा दंड धरला आणि मला आत ओढलं. मग त्या माझ्या मागं, रिकाम्या जिन्याकडं बघत क्षणभर थांबल्या.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि दार अगदी हळू लावलं... समोर माणूस उभा असताना लावतात तसं.