एकतिसावं पान

पुस्तक कोरं करकरीत होतं. काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली, वास नव्या शाईचा. तरीही एकतिसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेलं जाईचं फूल होतं.

क्षिप्राने आधी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. पान उलटलं, दोन ओळी वाचल्या आणि मुकाट्याने मागे आली. फूल तिथेच होतं.

नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत, तळमजल्यावर पार्किंगला लागून एका खोलीत वाचनालय होतं. चार कपाटं, एक टेबल आणि टेबलामागे नंदकिशोर काका. तिथल्या वाचकांची एक जुनी खोड होती. पुस्तक वाचून संपलं की एकतिसाव्या पानावर पेन्सिलीने आपली बारीकशी खूण करायची. म्हणजे दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा घरी आणून, पन्नास पानं वाचून झाल्यावर कपाळाला हात लावायची वेळ येत नाही. कुणाचा मासा, कुणाची पणती. क्षिप्राची चंद्रकोर. आणि तिच्या धाकट्या बहिणीचं, जाईचं, पाच पाकळ्यांचं फूल. जाईला सगळ्याचीच घाई, त्यामुळे पाचवी पाकळी नेहमी सुटून बाजूला पडलेली.

इथेही ती सुटलेलीच होती.

पण जाई बुधवारी रात्रीच मालवणकडे गेली होती, ऑफिसातल्या उत्कर्षाबरोबर, देवबागच्या एका होमस्टेत. ही पुस्तकं आली गुरुवारी. गठ्ठ्याची सुतळी क्षिप्राने स्वतः कापली होती, नंबरच्या चिठ्ठ्याही तिनेच चिकटवल्या होत्या. आज शनिवार. मधे हे पुस्तक दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेलंच नव्हतं.

ऐरोलीच्या ऑफिसातून वर्षअखेरीची आठ दिवसांची रजा मिळाली होती. क्षिप्राची सुट्टी म्हणजे दिवाणावर पाय पसरून पुस्तकं, बाजूला चिवड्याची वाटी. आई-बाबा लग्नाला साताऱ्याला गेलेले. निघताना जाई म्हणाली होती, "चल की गं ताई. पाण्याला घाबरतेस, बोटीला घाबरतेस, परवा तर ताटातल्या खेकड्याला घाबरलीस. मेला होता तो."

"मी बरी माझ्या पुस्तकांत."

"बस मग. म्हातारी."

क्षिप्राने पानाचा फोटो काढून जाईला पाठवला. 'तू कधी वाचलंस हे?' एकच टिक. फोन लावला. वाजत राहिला आणि आपोआप बंद झाला. पाण्यात असतील, तिने स्वतःला समजावलं. दुपारचे अडीच वाजले होते. उन्हात खाडीचा चिखल वास मारत होता आणि कुठल्याशा मजल्यावर कुणीतरी लिफ्टचं दार उघडं टाकलं होतं. आतली बाई एकाच सुरात सांगत होती, कृपया दरवाजा बंद करा. कृपया दरवाजा बंद करा.

तिने नव्या गठ्ठ्यातलं दुसरं पुस्तक उघडलं. सरळ एकतीस.

फूल. आणि हे पान किंचित फुगलेलं, ओलं होऊन वाळल्यासारखं. तिने नाकाजवळ नेलं. खाडीचा वास नव्हता तो. स्वच्छ, खारा, मोकळ्या समुद्राचा वास होता.

चिवड्याची वाटी कधी लवंडली ते तिला कळलंच नाही.

लिफ्टजवळ जायचा धीर नव्हता. दोन्ही पुस्तकं छातीशी धरून ती पाच मजले पायऱ्यांनी उतरली. काका रजिस्टरात काहीतरी लिहीत होते. बेलापूरच्या सरकारी कार्यालयातून अधिकारी म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी हिरव्या शाईचं पेन काही सुटलं नव्हतं.

"एवढ्यात वाचून झाली? खातेस की काय पुस्तकं?"

"काका, ह्या गठ्ठ्यातली पुस्तकं जाईने नेली होती का?"

"जाई कशी नेईल? ती फिरायला गेलीय ना? आणि पहिली तूच नेलीस. का गं?"

तिने पान उघडून समोर धरलं. काकांनी चष्मा वर केला. थोडा वेळ ते त्या फुलाकडे बघत राहिले. मग पेनाला टोपण न लावताच ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

"बस जरा," ते म्हणाले.

"काका, काय झालं?"

"काही नाही. पाणी पी."

"तुम्ही सांगा आधी."

काका हळू आवाजात बोलायला लागले, भिंतीलाही कळू नये असे. "सी विंगमधल्या बाळाबाई आठवतात? त्यांची खूण तुळशीचं पान. दोन वर्षांपूर्वी त्या वाशीला दवाखान्यात होत्या. तेव्हा दिवाळीची नवी पुस्तकं आली. मी चिठ्ठ्या लावायला घेतली, तर... सगळ्यांत तुळशीचं पान. म्हटलं, आजीबाईंनी पुढची सगळी पुस्तकं आत्ताच वाचून घेतलेली दिसतायत. मी आपलं हसण्यावारी नेलं."

"मग?"

"चार दिवसांनी गेल्या."

खोलीतली ट्यूब मधेच एकदा फडफडली. बाहेरून आवाज येतच होता. कृपया दरवाजा बंद करा...

क्षिप्रा उठली आणि कपाटातली नवी पुस्तकं भराभर काढायला लागली. तिसऱ्यात फूल. चौथ्यात फूल. पाचव्यात, सहाव्यात. प्रत्येक पान आधीच्यापेक्षा जास्त ओलसर. सातवं पुस्तक शेवटचं. त्याचं एकतिसावं पान बोटाला गार लागलं.

तिथे चारच पाकळ्या होत्या.

"काका... हे अजून पुरं नाही झालेलं."

तिने पुन्हा फोन लावला. वाजला, वाजला, बंद. उत्कर्षाचा तर लागतच नव्हता. परत जाईचा. कानात ती रिंग आणि डोळ्यांसमोर त्या चार पाकळ्या. सुटलेल्या पाकळीची जागा रिकामी होती आणि तिथे कागदावर अगदी बारीक खाच पडल्यासारखी दिसत होती. मघाशी ती होती का, ते तिला आठवेना.

टेबलावर खोडरबर होतं. तिने ते उचललं.

"नको गं," काका म्हणाले. "तसं नको करू. बाळाबाईंचं मी नव्हतं खोडलं."

"म्हणूनच," क्षिप्रा म्हणाली, आणि खोडायला लागली.

फूल सहज गेलं. चार पाकळ्या, देठ, सगळं. तिने चुरा फुंकला. पण तो रिकामा कोपरा बघून तिला आणखीच भीती वाटली. रिकाम्या जागेवर कुणीही येऊन बसेल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपल्या माणसासाठी जागा अडवतात, तसं काहीतरी तिच्या मनात आलं असावं. पुढचं हातानेच केलं. बिनटोपणाचं पेन जवळच पडलं होतं. त्या कोपऱ्यात तिने आपली चंद्रकोर काढली. गडद हिरवी.

काकांनी पेन तिच्या हातातून काढून घेतलं. जरा उशिराच.

"हे काय केलंस बेटा..."

बाहेरचा लिफ्टचा आवाज बंद झाला होता. कुणीतरी दार लावलं होतं.

मग ती नुसती फोन लावत राहिली. पार्किंगमधून मांजर गेलं तरी दचकत होती. काकांनी चहा मागवला, त्यावर साय धरली. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. कोपऱ्यातली कोर केव्हाच सुकली होती. तिने बोट फिरवून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही. सत्ताविसाव्या की अठ्ठाविसाव्या वेळी पलीकडे रिंग अर्धवट तुटली.

"ताई..."

जाईचाच आवाज. घसा बसलेला, पण जाईचाच. क्षिप्राला रडूच फुटलं.

"कुठे होतीस गं? किती फोन केले..."

"जेटीवरून पाय घसरला. खाली गेले मी, खूप खाली. काहीच दिसत नव्हतं. आणि मग कुणीतरी एकदम वर ढकलल्यासारखं झालं, ताई. बोटवाल्यांनी ओढून काढलं. आता खोलीत आहे, खरंच बरी आहे. आईला नको सांगूस."

"किती वाजता?"

"तीन वाजले असतील. का?"

क्षिप्राने काकांकडे पाहिलं. काका सातव्या पुस्तकाकडे बघत होते.

"बरं, ऐक ना," जाई म्हणाली. तिचा आवाज आता जरा पूर्वीसारखा झाला होता. "इथे उशाशी एक पुस्तक पडलंय. जुनं आहे, कुणीतरी विसरून गेलेलं. पडल्यापडल्या उघडलं, सवयीने एकतीस काढलं. तर तुझी कोर."

"माझी..."

"तुझीच. आणि शाई ओली आहे अजून, माझ्या बोटांना लागली. ताई, तू हिरव्या पेनाने कधीपासून काढायला लागलीस?"