सात नंबरचा बिल्ला

संग्रहालय दहाला उघडतं असं त्यांनी पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं, आणि माझा धाकटा भाऊ दहा पंचविसाला आला. बस चुकली म्हणाला. ज्या थांब्यावरून दर सात मिनिटांनी बस सुटते तिथे बस चुकवायला माणसाला खास मेहनत घ्यावी लागते. त्याला यायचंच नव्हतं. आठवडाभर कारणं सांगून झाली होती. आधी गुडघा, मग बायकोची तपासणी, मग सरळ “ताई, कशाला जुन्या गोष्टी उकरायच्या?” शेवटी मी म्हटलं, राहू दे, मी एकटी जाते. तेव्हा हा आला.

मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात एकतीस वर्षं काढली. दुकानदाराचं वजन काट्यावर चढवायचं, बरोबर असेल तर कडेला त्या वर्षाचा शिक्का ठोकायचा, नसेल तर जप्त करायचं. त्या नोकरीनं एक सवय लावली. काटा दाखवतो ते खरं, माणूस सांगतो ते मागाहून बघू. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून मला कुणी भाबडी समजायला नको.

संग्रहालय म्हणजे बंदरातलं जुनं गोदाम. आतून पांढरा रंग, चकाचक फरशी, फिनेलचा वास. बुडालेल्या जहाजांतून काढलेल्या वस्तू काचेच्या पेट्यांत मांडलेल्या. शिंपल्यांनी एकमेकींना चिकटलेल्या सहा बश्या. बोटं वर वळलेला एक बूट. एकाच भिंगाचा चष्मा. प्रत्येकाखाली सुबक अक्षरात चिठ्ठी. एक जोडपं बुटासमोर उभं राहून फोटो काढत होतं. माझा भाऊ खिशात हात घालून छताचे दिवे बघत चालला होता.

आम्हाला शेवटच्या दालनात जायचं होतं. तिथे आमचं जहाज होतं. एकेक पेटी बघत तिथे पोचेपर्यंत बारा वाजून गेले.

माझा नवरा त्या मालवाहू जहाजावर फिटर होता. भावाची नोकरी कुठे टिकत नव्हती, तेव्हा मीच नवऱ्याच्या मागे लागून त्याला तिथे चिकटवला. दोघं एकाच पाळीत. जहाजाच्या अगदी तळाशी पंपांची खोली होती, एकच दार, जाड लोखंडी. दाराबाहेर लाकडी फळी आणि फळीवर बारा हूक. नियम साधा होता. आत जाताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला आपल्या हुकाला लावायचा, बाहेर येताना काढून खिशात टाकायचा. दार लावायची वेळ आली तर आत डोकावत बसायचं नाही, फळी बघायची. फळी रिकामी, मग दार. नवऱ्याचा नंबर सात, भावाचा आठ.

चोवीस वर्षांपूर्वी वादळात त्या खोलीत पाणी शिरलं. वरून हुकूम आला, दार लावा. भावानं फळी पाहिली, रिकामी होती, त्यानं दार लावलं. माझा नवरा आत होता. त्या दारामुळे जहाज आणखी दोन तास तरलं आणि बाकीचे अठराजण होड्यांतून उतरले. चौकशीत निघालं, सात नंबरनं बिल्ला लावलाच नव्हता.

मला ते कधी पटलं नाही. हा माणूस झोपायच्या आधी गॅस दोनदा बघायचा, कडी तीनदा. तो बिल्ला न लावता आत जाईल? पण माझं कोण ऐकणार? सासूबाई जाईपर्यंत म्हणत होत्या, “इतका कसा रे निष्काळजी झालास?” नातेवाईक समजूत घालायला यायचे आणि जाताना तेच बोलून जायचे. मेला तो मेला, वर नावालाही डाग. भावाला मात्र मी दोष दिला नाही. फळी रिकामी होती, तो बिचारा काय करणार? आणि त्यानंही मला काही कमी पडू दिलं नाही. नळ गळला तरी हा हजर. सख्खा भाऊ असावा तर असा, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायची.

आता ती खोली समुद्रातून वर काढली होती. दार, फळी, सगळं. मला एवढंच हवं होतं की ती फळी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, आणि नवऱ्याचा कलंक पुसता येतो का ते पाहावं.

दालनाच्या मधोमध ती लोखंडी खोली अख्खी ठेवली होती. न्हाणीघराएवढीच. गंज खरवडून काळं तेल लावलेलं. दार उघडं, खाली लाकडी पाचर. बाजूला फळी, आणि भिंतीवर पाटी. पाटीवर लिहिलं होतं, “एका फिटरने बिल्ला न लावण्याची चूक केली. सहायक फिटरने प्रसंगावधान राखून दार लावल्याने अठरा प्राण वाचले.”

मी दोनदा वाचलं. भावानं एकदाही नाही.

स्टुलावर एक राखणदार बाई बसली होती, चाळिशीची, पायात लोकरी मोजे. तिनं पितळी बिल्ल्यांचं तबक पुढे केलं.

“काकू, आत जायचं तर बिल्ला लावून जा हं. हे बिल्ले आम्ही नवीन केलेत, फळी तेवढी खरी. एक वाजता मी जेवायला जाते तेव्हा फळी बघूनच दार ओढते.”

“सात नंबर नाही यात,” मी म्हटलं.

“तो मुद्दाम केला नाही. बरं नाही ना दिसत. आणि पाय जपून ठेवा, आत ओल असते. रोज पुसते मी. वर नळ नाही, पाइप नाही, कुठून येतं देव जाणे.”

“तू येतोस?” मी भावाला विचारलं.

“नको. इथेच थांबतो.”

मी चार नंबरचा बिल्ला लावला आणि आत गेले. एक पंप, काच फुटलेला एक मापक, भिंतीला शिडीचे चार गज, जाळीत एक बल्ब. ओल होती खरी. मी पंपावर हात ठेवून उभी राहिले. काही म्हणजे काही वाटलं नाही, आणि याचंच मला वाईट वाटलं. चोवीस वर्षं ज्या जागेचा विचार केला ती जागा एवढीशी होती.

बाहेर येऊन मी माझा बिल्ला काढून तबकात टाकला. सातव्या हुकाला एक बिल्ला लटकत होता.

“हा कुणी लावला?”

“मी हात नाही लावला,” भाऊ म्हणाला. तो फळीकडे पाठ करून उभा होता. मी कशाबद्दल विचारलं हे त्यानं वळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी बिल्ला काढून तळहातावर घेतला. पितळ मला हातात कळतं. तबकातले बिल्ले पातळ पितळी पत्र्याचे, वीस ग्रॅम असतील नसतील. हा दुप्पट. गार होता, ओला होता. कड बोटानं फिरवली तर एका जागी नख अडकलं. चष्मा लावून पाहिलं. शिक्का होता. आमच्या खात्याचा, आणि त्याखाली वर्ष.

तो शिक्का मी ठोकला होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या सुट्टीत नवऱ्याच्या खिशात बिल्ला चुकून घरी आला, तेव्हा मी तो ऑफिसात नेऊन काट्यावर चढवला. एक्केचाळीस ग्रॅम. गंमत म्हणून कडेला शिक्का मारला आणि त्याला म्हटलं, आता तू सरकारमान्य झालास. तो दिवसभर हसत होता.

राखणदार बाईनं तबकातले बिल्ले मोजले. अकराच्या अकरा होते. ती वैतागली. “लोक काय वाट्टेल ते आणून ठेवतात. परवा आत कुणीतरी ओला टॉवेल टाकून गेलं. पिळला तर अर्धी बादली पाणी! द्या, मी ऑफिसात जमा करते.”

“राहू दे जरा,” मी म्हटलं. ती चाव्या घेऊन पलीकडच्या दालनात गेली.

मी तो बिल्ला होता तिथेच लावला. मग भावाचा दंड धरून त्याला फळीसमोर फिरवला.

“शिक्का बघ.”

त्यानं पाहिला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“हा इथे कसा आला?” मी विचारलं.

“येऊच शकत नाही ताई.”

“का?”

त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. मग म्हणाला, “मी फेकला होता. होडीतून. समुद्रात.”

मी त्याचा दंड सोडला.

“तुझ्याकडे कसा आला होता?”

“भाऊजी लावायला कधी चुकले नाहीत. काढायला विसरायचे. वर चहा असायचा ना, घाईत तसेच निघायचे, मग चीफ इंजिनियर ओरडायचा. म्हणून मीच निघताना दोघांचे काढायचो, शेजारी शेजारीच होते. वर गेल्यावर त्यांना परत द्यायचो. रोजचंच होतं ते.”

“आणि त्या दिवशी?”

“माझ्या मागोमाग दारातून बाहेर येतायत असं वाटलं मला. पाना विसरला म्हणून परत आत वळले असतील. मी दोन्ही काढले. पाच मिनिटांत हुकूम आला. फळी रिकामी होती, ताई.”

“रिकामी तूच केली होतीस.”

“खिशात हात गेला तेव्हा कळलं. तोवर पाणी वरपर्यंत आलं होतं. दार उघडलं असतं तर सगळेच गेले असते.”

“हे मी समजू शकते,” मी म्हटलं. खरंच समजू शकत होते. घाईत माणसाच्या हातून चूक होते. “पण चौकशीत का नाही बोललास? सासूबाई त्यांना शिव्या देत मेल्या. तू त्यांच्यासमोर बसून चहा पीत होतास. चोवीस वर्षं माझे नळ दुरुस्त केलेस, एक वाक्य नाही सांगता आलं तुला?”

तो रडायला लागला. साठीला आलेला माणूस, नाकातून पाणी गळतंय. मला दया यायला हवी होती. आली नाही. कडू जहर झालं होतं तोंड.

“मला नको सांगूस,” मी म्हटलं. “आत जा आणि त्यांना सांग.”

तो जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यानं मुकाट्यानं तबकातला आठ नंबरचा बिल्ला उचलला, हुकाला लावला आणि वाकून आत गेला. फळीवर सात आणि आठ, शेजारी शेजारी.

आतून त्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. थोडं बोलायचा, थांबायचा. मग पुन्हा बोलायचा. मधल्या थांबण्यांत कुणीतरी उत्तर देत असावं तेवढाच वेळ जात होता. एकदा तो “हो भाऊजी” म्हणाला, ते मात्र स्पष्ट ऐकू आलं.

मी पाटीकडे तोंड केलं आणि ती तिसऱ्यांदा वाचली. तीन ओळी. वाचायला किती वेळ लागतो?

वळले तेव्हा फळी रिकामी होती.

मी खाली पाहिलं. तबकात दहा बिल्ले होते. फरशीवर एकही नव्हता. दालनात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आवाज थांबला होता.

एक वाजला. राखणदार बाई डबा हातात घेऊन आली. तिनं फळीकडे पाहिलं, पायानं पाचर सरकवली आणि दाराला हात घातला.

तिच्यात आणि माझ्यात चार पावलं होती. “थांबा” एवढा एकच शब्द पुरला असता.

दार जड होतं. लागायला वेळ लागला.

मी बोलले नाही.

“तुमच्याबरोबरचे काका पुढे गेले वाटतं?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

ती गेली. मी दाराशी उभी राहिले. तो हाका मारेल, दार वाजवेल असं मला वाटत होतं. एक हाक मारली असती तर मी धावत जाऊन तिला बोलावलं असतं, हे मी शपथेवर सांगते. पण त्यानं हाक मारली नाही. थंडगार दालनात ते लोखंड बर्फासारखं असायला हवं होतं. मी हात लावला. खांद्याच्या उंचीवर, हातभर अंतरावर, तळव्याएवढ्या दोन ठिकाणी ते कोमट होतं.

अर्ध्या तासानं बाईनं दार उघडलं. पंप, मापक, शिडीचे चार गज. बाकी काही नाही. दोन माणसं बराच वेळ बोलत बसल्यावर होते तशी आतली हवा कोंदट झाली होती. बाईनं नाक मुरडलं आणि पुसणं आणायला गेली.

मी बसथांब्यावर पोचले तेव्हा फोन वाजला. भावजय होती.

“ताई, यांचा फोन लागत नाहीये. निघालात का तुम्ही? जेवायला थांबू ना मी यांच्यासाठी?”

समोर बस येऊन उभी राहिली होती.

“नको,” मी म्हटलं. “तू जेवून घे.”