नागोयात दीड मिनिट

दार बंद झालं. माझ्या नाकासमोर, अगदी सभ्यपणे. आणि माझी बॅग, माझी पर्स, वीणाताईनं डब्यात भरून दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या... सगळं घेऊन ती पांढरी शिनकानसेन, जपानची बुलेट ट्रेन, कोबेच्या दिशेनं निघूनही गेली.

नागोयाच्या फलाटावर मी उभी. हातात तोंड शिवलेली कापडी पिशवी. समोर एक चष्मेवाला माणूस, तोंड उघडं टाकून.

"तुम्ही... उतरलात?"

"नाही. अजून गाडीतच आहे. दिसत नाही का?"

तो हसला नाही. घाबरला होता बिचारा. "अहो, दारातूनच पिशवी द्या, असा निरोप दिला होता मी तुमच्या ताईंना. तीनदा! गाडी इथं दीड मिनिट थांबते."

मला ताईनं यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मिरजेला गाडी थांबली की माणूस डबा देतो, चहा पितो, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारतो आणि मग सावकाश चढतो. मी त्याच हिशेबानं उतरले होते. कराडच्या शाळेत सहा वर्षं भूगोल शिकवतेय. होक्काइडो, होन्शू, शिकोकू, क्यूशू ही बेटं पोरांकडून घोकून घेतलीत. दीड मिनिटाचं कुठल्या पुस्तकात आहे?

२००५ चा मे महिना. सुट्टीत मी टोकियोजवळ उरायासूला ताईकडे आले होते. तिचा नवरा कॉम्प्युटरवाला, टोकियोत कामाला. तिथून आठ दिवस कोबेला अनुराधाकडे चालले होते, कॉलेजातली मैत्रीण. निघताना आईकडून एकच वचन घेतलं होतं : या सुट्टीत मला कुणालाही दाखवायचं नाही. पिशवी तेवढी न्यायची होती. ताईच्या सासरच्या ओळखीतल्या सुमनकाकूंनी नागोयातल्या मुलासाठी दिलेली. कुणी परदेशी निघालं की अख्खं गाव त्याच्या सामानात आपला मसाला कोंबतं, त्यातलाच प्रकार.

मुलाचं नाव नीलकंठ. ऑफिसात त्याला 'नीरुसान' म्हणतात, 'सान' म्हणजे आपलं 'राव', असं त्यानंच सांगितलं. मग तो स्टेशनच्या माणसाकडे धावला, कमरेत वाकून काहीतरी बोलला. तो माणूस फोनवर बोलला, एक चिठ्ठी लिहून दिली आणि माझ्यापुढे वाकून माफी मागितली. चूक माझी, माफी त्याची!

"बॅग शिन-कोबेला उतरवून ठेवतील," नीलकंठ म्हणाला. "ही चिठ्ठी दाखवून पुढच्या गाडीनं जा. कोबेपर्यंत जाणारी अर्ध्या तासानं आहे. भूक लागलीय?"

"माझ्या पुऱ्या पुढे गेल्यात."

फलाटावरच एक छोटं दुकान होतं. उभ्यानं खायचं. पट्टीसारखे रुंद नूडल्स, वाफाळता रस्सा. किशिमेन म्हणतात.

"रस्सा माशाचा असतो हं... चालेल?"

"कोयनेचे मासे खाऊन वाढलेय मी."

तो फुर्रकन आवाज करत खायला लागला. मी बघत राहिले.

"असंच खायचं असतं," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "आवाज केला की बनवणाऱ्याला बरं वाटतं."

मग मीही केला. त्याच्यापेक्षा मोठा. चष्म्यावर धरलेल्या वाफेतून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा मोकळा हसला. बरं हसत होता. हे मी उगाच लपवत नाही.

"मेतकूट असेल यात. घालून बघू या?" किल्लीनं त्यानं पिशवीची शिवण उसवली. गोडा मसाला, भाजणी, कुकरचं रबर... रबर त्यानं दोन्ही हातांत धरलं, दागिना धरावा तसं. आणि तळाशी एक पाकीट. वर सुमनकाकूंचं अक्षर : 'नीलकंठ, शांतपणे पाहणे.' पाकिटातून एका फोटोचा कोपरा बाहेर आला होता.

निळी साडी. मागे स्टुडिओतली प्लास्टिकची फुलं.

माझा फोटो.

कराडपासून इथपर्यंत मी स्वतःचं स्थळ स्वतःच वाहून आणलं होतं.

"तुमचा फोन द्या," मी म्हणाले. ताईला लावला. "ताई, पिशवीत काय होतं?"

"भाजणी."

"आणि?"

ताई हळूच म्हणाली, "नेत्रा, मुलगा चांगला आहे गं. आईला किती काळजी लागलीय..."

मी फोन बंद केला. चॉपस्टिक आपटल्या. "तुम्हाला माहीत होतं."

"नव्हतं. शपथ! मला फक्त रबर हवं होतं. नऊ महिने पातेल्यात भात शिजवतोय मी."

"मग घ्या रबर आणि जा घरी."

तो गेला नाही. रबर खाली ठेवलं आणि तिथंच उभा राहिला. त्याच्या तसं उभं राहण्यानंच माझं तोंड उघडलं असावं.

"चार वर्षांपूर्वी साखरपुडा झाला होता माझा. मुलगा अमेरिकेत. पत्रिका छापून झाल्या आणि त्यानं फोनवरून नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही. गावानं मात्र मलाच विचारलं, तुझ्यात काय खोट निघाली? त्याला कुणी विचारलं नाही. एकानंही नाही! तेव्हापासून माझा फोटो घराबाहेर जाणार नाही, असं सांगून ठेवलं होतं मी. आणि आज..."

डोळे भरून आले, आणि त्या भरून येण्याचाही राग आला.

त्यानं कोपऱ्याला बोट न लावता पाकीट माझ्याकडे सरकवलं. "मी पाहिला नाही."

"अर्धा दिसला."

"अर्ध्यात नुसती साडी होती." मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी दिवसभर गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतो. चूक सापडली की पगार वसूल. पण माणसाला तसं तपासायला... मला नाही जमणार. तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. मीही आज आईवर रागावणार आहे."

कुणीतरी मला म्हटलं, बरोबर आहे. चार वर्षांत पहिल्यांदा.

गाडी आली. पाकीट मुठीत घेऊन मी चढले. तो दाराबाहेर, आखलेल्या रेघेच्या बरोब्बर मागे.

"परत कधी येणार?"

"रविवारी."

"कुठल्या गाडीनं?"

सांगायला तोंड उघडलं... आणि थांबले. दार बंद झालं.

कोबेत अनुराधानं बंदर दाखवलं, डोंगर दाखवला, आणि शेवटी वैतागून म्हणाली, "नेत्रे, तू समुद्राकडे बघतच नाहीयेस. आवडला का तो?"

"आईनं फसवलंय मला. आता हो म्हणाले तर तिची फसवणूकच बरोबर ठरेल."

"आणि आईवर सूड म्हणून नाही म्हणालीस तर? तेही तिच्याच मर्जीनं चालणं झालं की!"

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मी पाकीट फाडलं. "हे कुठल्या कचऱ्यात? इथं वेगवेगळा टाकतात ना?"

"जळणाऱ्या," ती गंभीरपणे म्हणाली. "मंगळवारी नेतात."

रविवारी दुपारी नागोया जवळ आलं तशी मी खिडकीला नाक लावलं. तो कशाला येईल? गाडीही सांगितली नाही मी. दहा-दहा मिनिटांनी तर गाड्या...

नागोयात टोकियोकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावरही तसंच किशिमेनचं दुकान होतं. दुकानासमोर तो उभा होता. गाडी आत येताना एकेक खिडकी बघत होता, मान हलवत.

मी उठले. पर्स खांद्याला, बॅग हातात. दारापर्यंत धावले. मला पाहून तो ओरडलाच, "उतरू नका! दीड मिनिट आहे फक्त, दार बंद होईल!"

"होऊ दे."

मी उतरले. दार बंद झालं. गाडी गेली.

"कधीपासून उभे आहात?"

"सकाळपासून. फलाटाचं तिकीट दोनच तास चालतं. हे चौथं." दुकानातली बाई आमच्याकडे बघून तोंडावर हात ठेवून हसत होती. "तीन वाट्या खाल्ल्यात मी. तिला वाटलं, नोकरी गेली माझी."

"आणि भात? नवं रबर बसलं का नीट?"

तो खाली बघायला लागला. "अजून पिशवीतच आहे. म्हटलं... एकट्यासाठी काय कुकर लावायचा."

माझ्याकडे इतक्या बायका-पुरुषांनी निरखून पाहिलं होतं आजवर. इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"मी विचारलंही नाही अजून."

"मग विचारा."

"आत्ता?... इथं?"

"इथंच. आणि आपल्या दोघांच्याही आयांना आठवडाभर काही सांगायचं नाही. राहू देत जरा ताटकळत."

त्यानं विचारलं. काय विचारलं, ते आमचं आहे. किशिमेनवाल्या बाईनं न सांगताच दोन वाट्या पुढे ठेवल्या आणि आम्ही फुर्रकन आवाज करत खाल्लं.

त्या दिवशी टोकियोला जाणाऱ्या चार गाड्या मी सोडल्या. चारही, माझ्या मर्जीनं.