छबूबाईच्या लुगड्याचं झबलं

ह्यांना पिंपरीच्या औषध कारखान्यात नोकरी लागली, तशी आम्ही चिंचवडच्या गावठाणात दुर्गाबाईंची खोली भाड्याने घेतली. कुसुम तेव्हा सहा महिन्यांची होती. दूध ओकायची, झोपेत तिचा श्वास अडायचा. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची.

"म्हाताऱ्या बाईच्या जुन्या लुगड्याचं झबलं घाल," दुर्गाबाई म्हणाल्या. "आयुष्य लागतं."

बी.एस्सी.ला माझं प्राणिशास्त्र होतं. मूल होण्याचं वय सरलं की निसर्गाचं लक्ष उडतं आणि शरीर मोडत जातं, असं सर शिकवायचे. मात्र काही जीव त्याही पुढे जातात आणि मग मरण जणू त्यांच्यामागे धावायचं सोडून देतं. कापडातून आयुष्य येत नाही, हे मला कळत होतं. पण मागायचंच तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे मागावं, असं वाटलं.

नदीकडच्या आळीत छबूबाई वाल सोलत बसली होती. दुर्गाबाईंच्या सासूनेही तिला म्हातारीच पाहिलेली.

"कुनासाठी?"

"लेकीसाठी. ती जगायला हवी."

"जगंल की. बाकीच्यांचं काय?"

"मला तीच हवी, आजी."

तिने दांडीवरचं लुगडं फाडून दिलं. कापडाला रिकाम्या रांजणासारखा वास होता.

झबलं अंगात गेलं आणि कुसुमला दूध पचू लागलं. दुर्गाबाईंनी काठ ओळखला.

"छबूचं व्हय? अगं, लेकरं-नातवंडं नांदती आहेत अशा बाईकडनं घ्यायचं असतं. नुसतं वय बघून न्हाई. तिनं पोटचे सगळे मसणात पोचवले, नातवंडं बी."

मी झबलं काढून पवनेत सोडलं. त्याच संध्याकाळी छबूबाई गेली. आळीतल्या बायका म्हणाल्या, सुटली बिचारी.

पावसाळ्यात हे तापाने पडले. इंजेक्शनं झाली, ताप उतरला नाही आणि हे गेले. मला माहेरी न्यायला दादा आला. चिंचवड स्टेशनवर गाडीची वाट पाहता पाहता तो बाकावरच कलंडला, तो उठलाच नाही. त्याच्या मांडीवर कुसुम होती. ती हसत होती.

मी गावठाणात परतले.

कुसुमला साधी सर्दीही होत नाही.

मला आता खोकला आहे. दुर्गाबाई भाकरी उंबऱ्यावर ठेवून मागे सरतात.

दुपारी जरा आडवी झाले की कुसुम रांगत उशाशी येते. दोन बोटांनी माझ्या पापण्या अलगद खाली ओढते आणि पुन्हा उघडू नयेत म्हणून थोडा वेळ तशाच दाबून धरते.